रक्त कमी आहे म्हणजे नेमकं काय? ॲनिमिया आणि रक्ततपासणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त घेणं आणि तपासणं हे माझं काम. खिडकीशी, शिबिरात, बसस्टँडवर आणि आता मोबाईलवरही लोक जे विचारतात, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कोणाला किती गोळ्या द्यायच्या ते मी ठरवत नाही. पण आकडा कसा निघतो आणि कुठे फसवतो, हे रोज पाहतो. प्रश्नांना नंबर दिले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे तसं लिहिलं आहे.

१. सिस्टर म्हणाल्या, "रक्त ८ टक्के आहे." म्हणजे बाकीचं ९२ टक्के गेलं का?

नाही. अंगात रक्त जवळपास होतं तेवढंच असतं. कमी झालेलं असतं ते त्यातलं हिमोग्लोबिन. लाल पेशींमधला हा लोह असलेला पदार्थ फुप्फुसातून प्राणवायू उचलतो आणि अंगभर पोचवतो. १०० मिलिलिटर रक्तात तो किती ग्रॅम आहे, एवढंच आम्ही मोजतो. याला 'ग्रॅम टक्के' म्हणत. बोलता बोलता 'ग्रॅम' गळून पडला आणि 'टक्के' तेवढे उरले. छापील रिपोर्टवर 'ग्रॅम प्रति डेसिलिटर' असतं, तेही हेच.

एक आजी मला म्हणाल्या होत्या, "पोरं ३५ टक्क्यांत पास होतात, माझे तं ९च आले." इथे पूर्ण मार्क १०० नसतात. धडधाकट माणसाचं हिमोग्लोबिन साधारण १२ ते १६ च्या दरम्यान असतं.

२. मग किती असलं म्हणजे बरं?

मोठ्या पुरुषाला १३ किंवा जास्त, बाईला १२, गरोदर बाईला ११. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराला ११, पाच ते अकरा वर्षांच्या मुलांना ११.५, बारा ते चौदा वर्षांच्यांना १२. त्याखाली गेलं की ॲनिमिया, म्हणजे रक्तक्षय.

मोठ्या माणसात ८ च्या खाली आणि गरोदर बाईत किंवा पाच वर्षांखालच्या लेकरात ७ च्या खाली आलं, तर तो तीव्र रक्तक्षय. तिथे "पाहू पुढच्या बाजाराच्या दिवशी" असं चालत नाही.

३. मले तं काहीच तरास नाई. मंग तपासू कायले?

शिबिरात सगळ्यात जास्त ऐकतो तो हाच प्रश्न, आणि तो चुकीचा नाही. हिमोग्लोबिन हळूहळू उतरलं की शरीर निभावून नेतं. ७ वर आलेली बाई दिवसभर कापूस वेचून, घरी येऊन भाकरी थापताना मी पाहिली आहे. तिला विचारलं तर ती म्हणते, थकवा तं सगळ्यांनाच येते.

म्हणून त्रास विचारताना वेगळं विचारावं लागतं. गेल्या वर्षी ज्या वाटेवर डोक्यावरचा हंडा खाली न टेकवता जात होता, तिथे आता टेकवावा लागतो का? जिना चढताना छातीत धडधड होते का? उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी? नखं पातळ, चमच्यासारखी खोलगट झाली का? आणि जे कोणी आपणहून सांगत नाही ते म्हणजे माती, चुलीची राख किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटतात का? ही चटक लोहाच्या कमतरतेत लागते. सासू तिला 'वाईट सवय' म्हणते. ते लक्षण आहे, रागावण्यासारखं त्यात काही नाही.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना आणि पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. (हे टक्के मात्र खरेच १०० पैकी.) निम्म्याहून जास्त बायका थकलेल्या असतील तर थकवा हाच रिवाज वाटणार.

४. तपासणी कुठे होते? पैसे किती लागतात?

बोट टोचून हिमोग्लोबिन पाहणं उपकेंद्रातही होतं. आता फलकावर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' लिहिलेलं असतं, जागा तीच. गावात अंगणवाडीत ग्राम आरोग्य व पोषण दिवस भरतो, तिथेही सिस्टर तपासतात. पूर्ण तपासणी, म्हणजे सीबीसी, करायची तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात नळीभर रक्त घेतात. आरोग्य केंद्रातून नमुना बहुतेक वेळा मोठ्या प्रयोगशाळेत पाठवतात, म्हणून रिपोर्ट त्याच दिवशी मिळेलच असं नाही. मोबाईल नंबर नीट लिहून द्या. निम्मे रिपोर्ट चुकीच्या नंबरापायी पडून राहतात, असं माझं वैतागातलं गणित आहे.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि तपासण्या मोफत आहेत. नागपूरचं मेडिकल किंवा मेयो ही वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालयं, त्यामुळे तिथले नियम वेगळे. खिडकीवर आधी विचारून घ्या.

गरोदर बाईसाठी महिन्याची ९ तारीख लक्षात ठेवा. त्या दिवशी पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात डॉक्टर तपासतात आणि रक्तही तिथेच पाहतात.

५. आधीच रक्त कमी. त्यात तुमी नळीभर काढता. आणखी कमी नाई का होत?

सीबीसीला २ ते ३ मिलिलिटर लागतं, म्हणजे साधारण अर्धा चहाचा चमचा. ४५ किलोच्या बाईच्या अंगात तीन लिटरच्या आसपास रक्त असतं, म्हणजे हजार भागांतला एखादा भाग आम्ही घेतो. एका साध्या पाळीत ३०-४० मिलिलिटर जातं. हिशेब तुम्हीच करा. सुई टोचल्यावर चक्कर आली तर ती बहुधा भीतीनं येते. आधी सांगून ठेवलंत तर आम्ही झोपवून घेतो.

६. उपाशीपोटी यावं लागतं का? पाळी चालू असताना चालते का?

हिमोग्लोबिन आणि सीबीसीला उपाशी राहायची गरज नाही. सकाळच्या पहिल्या एसटीनं, पोटात काही नसताना येऊन रांगेत उभं राहणाऱ्या बायका चक्कर येऊन पडतात, आणि मग सगळे म्हणतात रक्त काढल्यानं पडली. शिळी भाकर खाऊन या, पाणी पिऊन या. उपास लागतो तो साखरेच्या एका तपासणीला. डॉक्टरनं दोन्ही लिहिलं असेल तर विचारा.

पाळीत तपासलं तरी चालतं. आकडा दोन दिवसांत एवढा हलत नाही.

दोन गोष्टींनी मात्र आकडा हलतो. एका हाताला सलाईन चालू असताना त्याच हातातून रक्त घेतलं तर ते पातळ येतं आणि हिमोग्लोबिन खोटं कमी दिसतं. उलट मे महिन्यात जुलाब होऊन अंगातलं पाणी आटलं असेल तर ते खोटं जास्त दिसतं. आजारातून उठल्यावर पुन्हा तपासा.

७. आशाताईंच्या शिबिरात ९.८ निघालं, तालुक्याला ११. कोणाचं खरं?

दोन्ही यंत्रं आपापल्या जागी खरी, पण भरवसा नळीवाल्याचा ठेवा. बोटाच्या तपासणीत पहिला थेंब पुसून टाकायचा असतो आणि बोट दाबून पिळायचं नसतं. पिळलं की पेशींसोबत अंगातलं पाणीही उतरतं. धुणं धुऊन आलेली ओली, गार बोटं, घाईतली शंभर माणसांची रांग, मग अर्धा-एक ग्रॅमचा फरक पडणारच. काही ठिकाणी अजून साहलीची काचेची नळी वापरतात, तीत रंग डोळ्यांनी जुळवतात. दोन माणसांचे डोळे सारखे नसतात.

बोटाची तपासणी चाळणीसारखी समजा. तिच्यात कमी निघालं तर नळीची करून घ्या. आणि उपचार सुरू झाल्यावर फरक पाहायचा असेल तर शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच यंत्रावर तपासा.

८. सीबीसीच्या कागदावर वीस-बावीस आकडे असतात. त्यातलं काय पाहायचं?

घरी पाहायला तीन ओळी पुरेत. पहिली हिमोग्लोबिनची. दुसरी एमसीव्ही, म्हणजे लाल पेशी सरासरी किती मोठी आहे ते. ८० ते १०० नेहमीचं. ८० च्या खाली म्हणजे पेशी बारीक, बहुधा लोह कमी. १०० च्या वर म्हणजे पेशी मोठ्या, तेव्हा बी-१२ किंवा फॉलिक ॲसिडकडे बोट जातं. तिसरी आरबीसी, म्हणजे लाल पेशींची संख्या. पेशी बारीक पण संख्या भरपूर, असं चित्र दिसलं तर थॅलेसेमिया मायनरची (आई-बापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा वाहक असण्याची) शंका घेतात. लोह कमी असेल तर संख्याही बहुधा घटलेली असते.

लोहाचा साठा पाहायला फेरिटिन नावाची वेगळी तपासणी आहे. मोठ्या माणसात ते १५ च्या खाली असेल तर साठा संपला असं समजतात. पण ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन फुगतं, तेव्हा चांगला आकडा पाहून निवांत होऊ नका.

कागदावर ठळक छापलेला प्रत्येक आकडा आजार नसतो, हेही सांगून ठेवतो.

९. रक्त कमी होतेच कशानं?

तीनच वाटा आहेत: तयार होत नाही, वाहून जातं, किंवा फुटून जातं.

तयार न होण्याचं मोठं कारण म्हणजे जेवणात लोह कमी, आणि बाईचं ताट शेवटी वाढलं जातं हेही. वाहून जाण्यात पाळीत जास्त रक्त जाणं, पाठोपाठ बाळंतपणं, मूळव्याध, आणि आकड्याचे जंत (हुकवर्म) येतात. हा जंत मातीतून तळपायाच्या कातडीतून शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बांदीच्या चिखलात अनवाणी उभं राहणं आणि त्याच बांधाआड परसाकडे जाणं, हे त्याला पुरेसं आहे. शाळा-अंगणवाडीत फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये जंतांची गोळी देतात ती त्यासाठीच. पोराला त्या दिवशी घरी ठेवू नका.

फुटून जाण्यात मलेरिया (गडचिरोलीवाल्यांना सांगायला नको) आणि सिकल सेल येतात. सिकल सेलबद्दल प्रश्न १० पासून पुढे पाहा.

अंगदुखीच्या गोळ्यांचाही एक वाटा आहे. किराणा दुकानातून घेऊन रोज एक गोळी खाणाऱ्या मजुरांच्या जठरातून थेंब थेंब रक्त जात राहतं, दिसत नाही.

१०. आमच्या गावात 'सिकल' आहे म्हणतात. सिकल आणि रक्त कमी असणं एकच का?

नाही, आणि विदर्भात राहणाऱ्याला हा फरक कळलाच पाहिजे. लोह कमी झालं तर ते भरून काढता येतं. सिकल सेल आई-बापाकडून जन्मतःच येतो. त्यात हिमोग्लोबिनची घडणच वेगळी असते. प्राणवायू कमी पडला की लाल पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक नसांत अडकते. म्हणून हातपाय, पाठ, छाती असह्य दुखतात. साधी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलची १० ते २० दिवस. बनते त्याहून लवकर फुटते, म्हणून हिमोग्लोबिन कायमच ७-९ च्या घरात आणि डोळे पिवळट.

पूर्व विदर्भात, मेळघाटात आणि यवतमाळ पट्ट्यात हा आजार बराच आहे. आदिवासी समाजात, अनुसूचित जातींत आणि इतर मागास जातींतही आहे. "तो त्यांचा आजार आहे" असं जे बोलतात त्यांच्या घरातली नळीही मी पॉझिटिव्ह पाहिली आहे.

पोराला वारंवार ताप, तान्ह्या वयात हातापायांची बोटं सुजणं, सांधे दुखून रडणं, डोळे पिवळे, असं काही असेल तर नुसतं हिमोग्लोबिन पाहून थांबू नका. सिकलची तपासणी मागा. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची ही तपासणी मोफत होते.

११. पोरीची सिकलची टेस्ट पॉझिटिव्ह आली. आता लग्न कसं होणार?

आधी कोणती टेस्ट आली ते पाहा. गावात करतात ती सोल्युबिलिटी चाचणी: थेंबभर रक्त द्रावणात टाकतात, गढूळ झालं तर पॉझिटिव्ह. पण पोरगी वाहक आहे (एएस, म्हणजे दोष आई-बापापैकी एकाकडूनच आला) की तिला आजार आहे (एसएस, दोघांकडून आला), हे ती चाचणी सांगू शकत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. त्याआधी कोणाला काही सांगत सुटू नका. सोयरीक मोडलेली घरं मी पाहिली आहेत, आणि पुढच्या रिपोर्टात पोरगी नुसती वाहक निघालेलीही.

वाहकाला सहसा त्रास नसतो. तो शेती करतो, नोकरी करतो, म्हातारा होतो. प्रश्न येतो तो जोडीचा. दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएसची, दोन एएसच्या, एक निरोगी. "पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन चांगली होतील" असा हिशेब चालत नाही. दर वेळी फासा नव्यानं पडतो. एकच जण एएस आणि दुसरा पूर्ण निरोगी असेल तर मूल आजारी होत नाही. म्हणजे पोरीचं लग्न खुशाल करा, फक्त पत्रिकेसोबत मुलाचा रक्ताचा रिपोर्टही मागा. दोघं वाहक असूनही लग्न झालंच असेल, तर दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना सांगा. गर्भाची तपासणी वेळेत झाली तर उपयोगाची.

एसएस असलेल्यांना हायड्रॉक्सीयुरिया नावाच्या औषधानं दुखण्याचे झटके कमी होतात. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकल सेलचा समावेश आहे, प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात विचारा.

१२. सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली. सुटलो ना?

बहुतेक वेळा हो. तीन ठिकाणी ती फसवते. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर अंगात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन असतं, सिकल झाकला जातो. नुकतंच रक्त चढवलं असेल तर नळीत दुसऱ्याचं रक्त असतं. आणि हिमोग्लोबिन फारच खाली असेल तर गढूळपणा येण्याइतका मालच नसतो.

चौथी गोष्ट लग्नाच्या वेळी नडते. थॅलेसेमियाचा वाहक या चाचणीत निगेटिव्हच येतो. एक जण सिकलचा वाहक आणि दुसरा थॅलेसेमियाचा, अशी जोडी असली तरी मूल आजारी जन्मू शकतं. म्हणून एक जण एएस असेल तर दुसऱ्याची थेट एचपीएलसी करून घ्या.

१३. सिकल असताना लोहाच्या गोळ्या घ्यायच्या का?

वाहक असेल (एएस) तर इतरांसारखंच. त्याचं हिमोग्लोबिन ९ असेल तर ते 'सिकलमुळे' असं म्हणून सोडून देऊ नका. बहुधा साधं लोह कमी असतं आणि गोळ्यांनी भरून येतं.

आजार असेल (एसएस) तर आपल्या मनानं नाही. त्यांच्या पेशी फुटतात तेव्हा लोह अंगातच राहतं. त्यात रक्त चढवलं असेल तर आणखी साठतं. त्यांना डॉक्टर फॉलिक ॲसिड देतात आणि लोह फेरिटिन पाहूनच. शाळेत सगळ्यांना गोळी वाटतात तेव्हा अशा पोराच्या आईनं शाळेतल्या बाईंना सिकलचं कार्ड दाखवावं.

१४. गोळ्या घेतल्या की मळमळते, संडास काळी होते. बंद केल्या तर चालेल का?

बंद करू नका, घ्यायची वेळ बदला. रिकाम्या पोटी गोळी जास्त लागू पडते. सोसत नसेल तर जेवणानंतर घ्या, रात्री झोपताना घ्या. लिंबूपाण्यासोबत घेतली तर लोह जास्त शोषलं जातं. चहा आणि गोळी यांच्यात निदान तासाभराचं अंतर हवं, मग तो दुधाचा चहा असो की कोरा. कॅल्शियमची गोळी दिली असेल तर दोन्ही एकदम गिळू नका. एक सकाळी, एक रात्री.

काळी संडास ही गोळी पोटात गेल्याची पावती आहे. डांबरासारखी चिकट, घाण वासाची आणि सोबत चक्कर असेल तर मात्र ते आतलं रक्त असू शकतं, दवाखान्यात या.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते. महिनाभरात हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमनं किंवा जास्त वाढतं, बाईला हुशारी वाटते आणि गोळ्या कपाटावर जातात. आकडा १२ झाला तरी अंगातली कोठी रिकामीच असते. ती भरायला पुढे तीनेक महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात.

रंगांबद्दल: शाळेतल्या लहान मुलांची गुलाबी आणि किशोरवयीन मुलामुलींची निळी, या दोन्ही आठवड्यातून एकदा. गरोदर आणि बाळंतिणीची लाल, रोज. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरांना सिरप. लाल गोळ्या लेकरांच्या हाताला लागतील अशा ठेवू नका. गोड गोळ्या समजून मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं. तसं झालं तर उलटीची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

१५. सासूबाई म्हणतात, लाल गोळीनं बाळ मोठं होते आन् बाळंतपण जड जाते. खरं का?

नाही. बाळंतपण जड जातं ते रक्त कमी असताना. बाळंतपणात थोडाफार रक्तस्राव सगळ्यांनाच होतो. ११ असलेली तो सोसते, ६ असलेलीला तोच जिवावर येतो. बाळही कमी वजनाचं, वेळेआधी होण्याचा धोका वाढतो.

गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढतं, म्हणून आकडा थोडा उतरतो. तेवढं हिशेबात धरूनच ११ ची रेघ आखली आहे. चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. रक्तक्षय असेल तर डॉक्टर बहुधा रोज दोन देतात.

सासूबाईंना रागावू नका, सोबत घेऊन या. यंत्रावरचा आकडा त्यांनी स्वतः पाहिला की पुढचं काम सोपं होतं.

१६. बीट, डाळिंब, गूळ खाल्ल्यानं रक्त वाढत नाही का?

लाल दिसतं ते रक्त वाढवतं, ही समजूत फार जुनी. १०० ग्रॅम बीटमध्ये लोह १ मिलिग्रॅमच्याही आत असतं. बाईची रोजची गरज भारतीय शिफारशीनुसार २९ मिलिग्रॅम. दवाखान्यात भेटायला येणारे डाळिंबं आणतात त्यापेक्षा पावशेर कलेजी आणलेली बरी. गुळात थोडं असतं, पण किती ते गुळागणिक बदलतं, त्याच्या भरवशावर राहू नका.

मांस, कलेजी, मासोळी यांतलं लोह अंगाला सहज लागतं. डाळी-भाज्यांतलं कमी लागतं, पण सोबत आंबट घेतलं तर वाढतं. वरणावर लिंबू पिळा. तरोट्याची, घोळाची, मुंगण्याच्या पानांची भाजी खा, वरून सांभार (कोथिंबीर) टाका. आंबटात अंबाडी आहेच. हरभरे, फुटाणे, तीळ, जवसाची चटणी. जेवणानंतर आवळा, जांब (पेरू) किंवा हंगामात संत्र. चहा मात्र तासाभरानं. लोखंडी कढईत भाजी केली तर थोडं लोह तिच्यातूनही उतरतं.

रक्तक्षय झाल्यावर नुसत्या जेवणानं तो भरून येत नाही. जेवण पुन्हा कमी होऊ नये म्हणून असतं.

१७. आमच्या घरी माळ आहे, मांस-मच्छी चालत नाही. गोळ्या घेऊनही अंगात मुंग्या येतात.

मग बी-१२ तपासा. वनस्पतीतून ते मिळत नाही. दूध, दही, ताक यांतून मिळतं, पण घरचं दूध डेअरीवर जात असेल तर ताटात काय राहणार? मुंग्या, जीभ लाल होऊन जळजळणं, विसराळूपणा ही त्याची लक्षणं, आणि एमसीव्ही १०० च्या वर (प्रश्न ८). मात्र लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असतील तर बारीक आणि मोठ्या पेशी मिळून सरासरी ९० येते आणि रिपोर्ट साळसूद दिसतो. बी-१२ ची गोळी-इंजेक्शनं माळेला बाध आणत नाहीत.

१८. दोन सलाईन लावल्या तर ताकद येईल ना? की रक्तच चढवायचं?

सलाईन म्हणजे मिठाचं पाणी. ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाचेक चमचे साखर. लोह शून्य. उलट हिमोग्लोबिन फार खाली असताना भराभर सलाईन सोडली तर हृदयावर ताण येतो. गावोगावच्या 'ताकदीच्या बाटली'वर किती मजुरी जाते ते पाहून जीव तुटतो.

रक्ताच्या एका पिशवीनं साधारण १ ग्रॅम वाढतं. म्हणून ते शेवटच्या टप्प्यात: आकडा फार खाली, दम लागतोय, किंवा बाळंतपण तोंडावर आलं आहे. मधला रस्ता शिरेतून लोह देण्याचा. गोळ्या सोसत नसतील किंवा दिवस कमी उरले असतील तर डॉक्टर तो निवडतात, पण दवाखान्यात देखरेखीखाली. घरी येणाऱ्या कंपाउंडरकडून नाही.

१९. तीन महिने गोळ्या घेतल्या, ९ चं ९.२ झालं. गोळ्या खोट्या का?

आधी स्वतःला खरं विचारा, खरंच रोज घेतल्या का, आणि चहासोबत तर नाही ना. त्या घेतल्या असतील तर मात्र दोष तुमचा नाही. तिसरं पाकीट घेण्याआधी कारण शोधायला सांगा. रक्त कुठून तरी जात आहे का (प्रश्न ९), बी-१२ कमी आहे का (प्रश्न १७), सिकल किंवा थॅलेसेमिया आहे का (प्रश्न ८ आणि १२), किडनीचा आजार आहे का. किडनी नीट चालत नसेल तर लाल पेशी बनवायचा निरोपच हाडांच्या मगजापर्यंत पोचत नाही, मग लोह कितीही द्या.

२०. बाबांचं वय ६२, हिमोग्लोबिन ८.५. वयानं होते ना एवढं?

नाही होत. पुरुषाला पाळी नाही, बाळंतपण नाही. मग त्याचं रक्त गेलं कुठे, हा प्रश्न बाईपेक्षा जास्त तातडीचा आहे. जठरातला व्रण, मूळव्याध, आतड्यातली गाठ, किडनी. गोळ्यांनी आकडा वाढला म्हणून शोध थांबवू नका. पोटाची दुर्बिणीतून तपासणी सांगितली तर तिला नाही म्हणू नका.

२१. शुगरची तीन महिन्यांची टेस्ट वाढली, पण रोजची बरोबर येते. असं काहून?

ती टेस्ट (एचबीएवनसी) हिमोग्लोबिनलाच चिकटलेली साखर मोजते. लोह कमी असलं की ती खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकते. सिकलच्या आजारात पेशी लवकर फुटतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही, म्हणून कमी येते आणि खोटा धीर देते. डॉक्टरांना हिमोग्लोबिनचा रिपोर्टही दाखवा. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर जास्त भरवशाची.

२२. रक्तदान शिबिरातून मला परत पाठवलं. मी तर १२.१ आहे, ॲनिमियाही नाही!

बाई असाल तर खरंच नाही. पण रक्तदानाची रेघ वेगळी आहे: पुरुष असो की बाई, १२.५ आणि वजन निदान ४५ किलो. पुरुष असाल तर १२.१ हा तुमच्यासाठी रक्तक्षयच (प्रश्न २), आणि त्याचं पुढे काय करायचं ते प्रश्न २० मध्ये आहे. परत पाठवलं म्हणून ओशाळू नका. त्या चिठ्ठीवरचा आकडा लिहून ठेवा आणि उद्या सीबीसीला या. शिळी भाकर खाऊनच या.